शेरा : वरीलप्रमाणे

वडगाव मावळ
१४ नोव्हेंबर

प्रेरणा,

तुझा फोन लागत नाही, म्हणजे मला लागत नाही. अब्बांच्या फोनवरून केला तर दुसऱ्या रिंगला कट झाला, तेव्हा तेही माझ्यासारखेच तुझ्या ब्लॉकच्या यादीत गेलेले दिसतात. म्हणून पत्र. कॉलेजात असताना दिवाळीच्या सुट्टीत कातळवाडीला रेंज नसायची म्हणून तू मला पत्रं टाकायचीस आणि ती मला तू परत आल्यावर मिळायची. आपण एकत्र बसून ती वाचायचो. नाशिकचा तुझ्या सासरचा पत्ता आदिनाथकडून घेतला. तुझा भाऊ अजून माझ्याशी बोलतो. खाली मान घालून, पण बोलतो.

मुद्द्याचं लिहिते. चौकशी समितीकडे गेलेल्या तक्रारीवर पहिली सही तुझी आहे. 'इकबाल मुलाणी यांच्या भातगिरणीच्या हादऱ्यांनी डोंगराची माती सैल होऊन दरड कोसळली.' त्या दरडीत पाच घरं गेली, सात माणसं गेली, त्यांत रतनमावशी गेली. जिची आई गेली तिच्याशी वाद घालू नये एवढी अक्कल मला आहे. तरी घालते, कारण गिरणीला सील लागलंय आणि अब्बा रोज सकाळी नेहमीच्या वेळेला टोपी घालून स्टँडवर जातात, वाडीकडे जाणारी वडिवळ्याची एसटी येते, सुटते, आणि ते घरी परत येतात. वाडीत जायला त्यांना कुणी बंदी केलेली नाही. त्यांचीच हिंमत होत नाही.

गिरणीने डोंगर पडत नाही, प्रेरणा. ते इंजिन आपल्या दोघींच्या जन्माआधीपासून तिथे ठोके देतंय. घरं गेली आणि गिरणी तेवढी राहिली याचा लोकांना जास्त राग आहे, तोही मला समजतो. पण तक्रारीला तुम्ही आधार घेतलाय तो आमच्याच अहवालाचा. अहवालात एवढंच लिहिलंय, की सहाव्या आणि सातव्या ठिकाणी जी थरथर मिळाली ती जवळच्या गिरणीची असल्याने विचारात घेतली नाही. म्हणजे यंत्राला गिरणी ऐकू आली, इतकंच. गिरणीने डोंगर हलवला असं त्यात कुठे आहे?

यंत्र तुला आठवत असेल. जेवणाच्या डब्याएवढं, खाली तीन खिळे. रतनमावशीने त्याच्याकडे बघून विचारलं होतं, "ह्यात भाजी कंची हाय गं?" मी तिला समजावलं होतं तेच आता तुला लिहिते. जमीन कधी स्वस्थ नसते. घाटातली मालगाडी, एक्स्प्रेसवेवरचे कंटेनर, पार कोकणच्या किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटा, या सगळ्यांनी ती सारखी थरथरत असते, आपल्या पायांना कळणार नाही इतकी बारीक. कातळावर मऊ मातीचा थर असेल तर ती माती आडवी डोलते. थर जितका जाड तितकी ती सावकाश डोलते. ते डोलणं मोजलं की खाली माती किती हे खोदल्याशिवाय कळतं. माठ घेताना तुझे आबा टिचकी मारून कान लावतात ना, तसंच. इथे टिचकी सगळी दुनिया मारत असते, आपण फक्त कान लावायचा.

वाडी दुसरीकडे हलवायची की नाही, हे ठरवायला ते काम काढलं होतं. आमच्या संस्थेचे सर आणि मी. मी वाडीची माहितगार म्हणून. अहवालात आलं की माती चार-पाच मीटर आहे, हलवायची गरज नाही. त्या दिवशी आबांनी पेढे वाटले. "नावातच कातळ हाय, मशीन कशाला पायजेल?" असं म्हणाले होते.

आता अहवाल चुकला हे सगळ्यांना दिसतंच आहे. यंत्रं चुकतात. पण त्यात अब्बांचा काय दोष? तक्रार मागे घे, एवढंच मागते.

जैनब


२ डिसेंबर

प्रेरणा,

पाकीट परत आलं. वर लाल शाईत शेरा आहे, 'घेण्यास नकार'. आमचे रखमाजी पोस्टमन ते देताना म्हणाले, "पत्ता चुकला आसंल ताई." भला माणूस आहे.

ते पाकीट मीच फोडलं आणि वाचलं. वाचून माझाच राग आला. 'यंत्रं चुकतात' म्हणे! यंत्र बिचारं एका जागी तीन खिळ्यांवर बसलं होतं. त्याने कुणाला काय केलं?

मी सरांच्या संस्थेतलं काम सोडलं. आता इथे कोर्टाबाहेर शकुबाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात बसते. लोकांचे फॉर्म भरते. वारसनोंद, रहिवासी दाखला, नावात बदल. माझं अक्षर चांगलं म्हणून शकुबाईंनी ठेवलं. "पोरी, तुज्या हातचा फॉर्म कदी परत येत न्हाई," असं त्या गिऱ्हाइकांसमोर सांगतात, आणि मला तिथून उठून जावंसं वाटतं.

तुला एक सांगायचं आहे. तू हेही पाकीट परत पाठवशील असं वाटतंय, म्हणून सांगायला जरा सोपं जातंय.

सातव्या ठिकाणी मी यंत्राजवळ नव्हते. गिरणीच्या वर साठ पावलांवर ते ठिकाण. पुढे दरड सुटली ती तिथूनच. सकाळी आठला सरांच्या जीपने मला धरणाच्या रस्त्याने मागून सोडलं आणि जीप कामशेतला गेली. मी यंत्र लावलं, हिरवा दिवा बघितला आणि खाली धरणाच्या भिंतीवर गेले, कारण तिथे रेंज येते आणि झुबेरचा फोन यायचा होता. निकाहला हॉल कुठला घ्यायचा यावर आम्ही चाळीस मिनिटं बोललो. परत आले, यंत्र उचललं.

तेव्हा वाटलं, यात काय बिघडलं? यंत्राजवळ माणूस नसलेलाच बरा, त्याच्या पावलांनी उलट मोजणी खराब होते. हे खरंही आहे. पुस्तकात आहे. त्या खऱ्यावर मी कितीतरी दिवस शांत झोपले.

झुबेरशी लग्न झालं नाही. दरडीनंतर मीच नको म्हटलं. त्याचा आवाज आला की मला धरणाची भिंत दिसते. त्याला कारण सांगितलं नाही. तो मला अजून गर्विष्ठ समजतो.

शकुबाई शटर ओढताहेत. अजून आहे, पण ते लिहायला हात उचलत नाही.

जैनब


९ जानेवारी

प्रेरणा,

आज तुझ्या झुंबरआजीला वर्ष झालं. तुमच्याकडे तिथीने केव्हाच झालं असेल. वाडीत कुणाला विचारलं तर आजी गेली ती 'मार्गशीर्षात, अमावास्येला दोन दिस असताना'. तारीख कुणी धरून ठेवत नाही. पण तुला तारीख माहीत आहे. मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म तू भरलास आणि मी शेजारी बसून तुला पेन दिलं होतं.

सातव्या ठिकाणची मोजणी त्याच सकाळची, ९ जानेवारीची.

मी मागच्या रस्त्याने आले म्हणून मला काही कळलं नव्हतं. पावणेनऊला यंत्र घेऊन आठव्या ठिकाणी, तुमच्या अंगणात, यायला निघाले तर अंगणात माणसं. आदिनाथने सांगितलं, आजी पहाटे गेली, काका मुंबईहून यायचाय. मग कसली मोजणी? मी यंत्र पडवीत ठेवलं आणि दुपारपर्यंत तुझा हात धरून बसले. अब्बा पुरुषांत होते. मढं उठलं तेव्हा त्यांनी खांदा दिला, हे तू स्वतः पाहिलंस.

संध्याकाळी घरी येऊन मी त्या दिवसाचा कागद भरला. प्रत्येक ठिकाणाला एक ओळ असते आणि त्यात रकाने. वारा, पाऊस, जमीन ओली की कोरडी, आसपास यंत्रं, शेरा. आदल्या दिवशी सहाव्या ठिकाणी मी प्रामाणिकपणे बसून लिहिलं होतं, 'वारा मंद. पाऊस नाही. जमीन कोरडी. भातगिरणी साठ मीटरवर, चालू.' सातव्याच्या ओळीत मी एकच शब्द लिहिला आणि सगळ्या रकान्यांतून आडवी रेघ ओढली.

वरीलप्रमाणे.

तू म्हणशील, सगळेच लिहितात. हो, सगळेच लिहितात. मी इथे दुकानात दिवसाला पन्नास वेळा लिहिते.

गिरणी त्या सकाळी बंद होती, प्रेरणा. मढं घरात असेपर्यंत वाडीत चूल पेटत नाही, जातं फिरत नाही, आणि अब्बांनी तीस वर्षांत तो रिवाज एकदाही मोडला नाही. इंजिनाचा ठोका नव्हता. पण अब्बांबरोबर गिरणीत बसून त्या ठोक्यात मी लहानाची मोठी झाले. तो नाही हे माझ्या कानाला कळलंच नाही. कळलं असतं तरी माझं लक्ष हॉलकडे होतं.

मग जी थरथर यंत्राला मिळाली ती कुणाची? मातीची. आणि ती माती चार मीटर नाही. आकडा तेव्हाच समोर होता. सतरा मीटर. तुमच्या गावविहिरीपेक्षा खोल.

दहा-बारा दिवसांनी सरांचा फोन आला. "जैनब, सातव्याला गिरणी नक्की चालू होती ना? आलेखात गिरणीचं शिखर सुईसारखं येतं, हे जरा पसरट आहे. मला मातीचं वाटतंय." तेव्हा मला नुसतं 'माहीत नाही' म्हणायचं होतं. पण मग 'तू कुठे होतीस?' हा प्रश्न आला असता. मी म्हटलं, "सर, आमचीच गिरणी आहे. मला नाही तर कुणाला माहीत असणार?" सर हसले. सहावं गिरणीच्या ठोक्यामुळे आधीच बाद होतं, आता त्यांनी सातवंही काढून टाकलं. तुमच्या घरांतली मोजणी आजीमुळे राहिली ती राहिलीच. पहिल्या पाच ठिकाणांवरून सगळ्या वाडीची माती ठरली. त्यातलं एकही ठिकाण घरांजवळ नव्हतं.

तरी मला खरंच कळलं नव्हतं, जुलैपर्यंत. दरडीच्या दुसऱ्या दिवशी मी कामशेतच्या शाळेत, वाडीतल्यांना ठेवलं होतं तिथे, भाकरी वाढायला आले होते. चिमाबाईने ताट सारलं. "मढी मातीत हायेत तवर चूल न्हाई, घास न्हाई," म्हणाली, आणि मागच्या सगळ्या बायकांनी ताटं सारली. माझ्या हातात भाकरीची चवड होती. तिथे उभ्या उभ्या मला जानेवारी आठवला. मी चवड खाली ठेवली आणि शाळेच्या मागे जाऊन ओकले. तू तिथेच होतीस. मला पाणी तूच दिलंस.

रतनमावशी माझ्यामुळे गेली. अजून सहाजण गेले. हे वाक्य मी सहा महिने मनात म्हणते आहे, कागदावर पहिल्यांदा लिहिलं.

जैनब


१८ मार्च

प्रेरणा,

तिसरं पाकीटही परत आलं. आता ती तिन्ही माझ्या कुराणाच्या कपाटात खालच्या फळीवर आहेत. दुसरी सुरक्षित जागा घरात नाही.

गेल्या आठवड्यात मी समितीच्या कचेरीत गेले. दोन पानांचा जबाब घेऊन. सुवाच्य अक्षरात, प्रत्येक ओळ पूर्ण. कारकुनाने वाचला, माझ्याकडे पाहिलं, फाइल काढली. "ताई, मालकानंच जबाब दिलाय की. डिसेंबरात." त्याने पान फिरवून माझ्यापुढे ठेवलं.

'दि. ९ जानेवारी रोजी सकाळी गिरणी नेहमीप्रमाणे चालू होती.' खाली अब्बांची सही. त्यांचा 'ब' कायम उलटा पडतो.

"तुम्ही त्यांची मुलगी. आता फिरवलं तर कोण मानणार?" कारकून म्हणाला. वाईट नव्हता. त्याने मला खुर्ची दिली. जबाब मात्र घेतला नाही. मी सरांना मेल केली होती, ते निवृत्त होऊन मुलीकडे असतात. दोन ओळींत उत्तर आलं, झालं ते झालं, आता उकरू नकोस.

घरी आले तर अब्बा दारात गिरणीचा चामडी पट्टा मांडीवर घेऊन तेल लावत होते. सील लावायच्या आधी तेवढा काढून आणला होता त्यांनी.

"अब्बा, त्या दिवशी गिरणी बंद होती."

"चालू व्हती."

"आजीचं मढं घरात असताना तुम्ही इंजिन लावलंत? तुम्ही?"

ते पट्टा पुसत राहिले. माझा तोल गेला. मी ओरडले, शेजारच्या खिडक्या उघडतील इतकी ओरडले. "लोक तुम्हाला खुनी म्हणताहेत आणि तुम्ही त्यांना कागद लिहून देताय!"

"कागदावर तू चालू ल्हिवलंस," ते म्हणाले. "माज्या पोरीनं ल्हिवलंय, मंग चालूच व्हती. मला म्हनत्यात तर म्हनू दे. माजं काय ऱ्हायलंय आता? तुजं शिक्शान हाय. तुजं नाव येकदा कागदावर बिगाडलं का जल्मभर बिगाडलं."

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. अहवाल गावात वाचून दाखवला तेव्हाच. मग तेव्हा का नाही बोललात, मी विचारलं. तर म्हणाले, त्यांना वाटलं की मशीनचं काही शास्त्र असेल, चालू लिहायचं असेल. "मला काय कळतंय त्यातलं? तू सायबासंग व्हतीस."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडले. त्यांनी तेलकट हात माझ्या डोक्यावरून फिरवला नाही, केस खराब होतील म्हणून. मनगटाने फिरवला.

आता तू. कातळवाडीत तारीख कुणाला माहीत नाही, म्हणून कुणी म्हणत नाही की अरे, तो तर झुंबरआजीचा दिवस. ते माहीत असलेली एकटी तू आहेस. तू समितीपुढे एक वाक्य बोल, 'माझी आजी घरात होती, गिरणी बंद होती'. त्याने अब्बा सुटतील आणि मी सापडेन. मला सापडायचंच आहे. मला वाचवू नकोस, प्रेरणा.

जैनब


२६ एप्रिल

प्रेरणा,

पाकीट परत आलं, हे आता लिहायचं कारण नाही.

परवा समितीची पूर्ण फाइल झेरॉक्सला आमच्याच दुकानात आली. निकाल लागला म्हणून चार प्रती. शकुबाई जेवायला गेल्या होत्या. मी एकेक पान काचेवर ठेवत गेले आणि वाचत गेले.

निकाल असा आहे. गिरणी कायमची काढावी. हादऱ्यांचे कारण दूर झाल्याने उरलेल्या चौदा घरांना राहण्यास हरकत नाही.

हे तुला कुणी सांगितलं का? तुला वाटतं तू तक्रार केलीस ती गिरणीविरुद्ध. त्या तक्रारीने तू आबांना पुन्हा त्याच मातीवर नेऊन ठेवलं आहेस. त्यांना तिथे मी, मीच पहिल्यांदा नेऊन ठेवलं, हे विसरून मी हे लिहीत नाही. चौदा घरांखाली कुणीच काही मोजलेलं नाही. एकच मोजणी त्यांच्या जवळची आहे, ती सतरा मीटर म्हणते आणि ती माझ्यामुळे बाद आहे.

मग अब्बांच्या जबाबाचं पान आलं. त्याच्या मागच्या बाजूला साक्षीदार. एकाखाली एक अकरा नावं, नावापुढे जबाब, त्यापुढे सही. पहिलं विठ्ठल तात्यांचं नाव आणि त्यापुढे पूर्ण वाक्य, 'दि. ९ जानेवारी रोजी गिरणी चालू होती असे मालक सांगतात व ते खरे आहे.' दुसऱ्यापुढे एक शब्द. तिसऱ्यापुढे तोच. चौथं नाव तुझं.

वरीलप्रमाणे. आणि तुझी सही, कॉलेजात होती तशीच, शेवटच्या अक्षराची शेपटी वर नेलेली.

मी मशीन बंद करून स्टुलावर बसले. आधी वाटलं, हिने सूड घेतला. मग वाटलं, हिने मला वाचवलं. मग मला दिसलं की तू तारीख वाचलीच नाहीस. कारकुनाने कागद पुढे केला असेल, तुला पाचची नाशिकची गाडी असेल, आईला जाऊन पाच महिने झाले असतील, आणि वरच्या तिघांनी केली तिथे तू सही केलीस. मी तुला काय बोलू? मला बोलायला तोंड नाही. पण तो तुझ्या आजीचा दिवस होता गं.

काल मी दरडीनंतर वाडीतल्यांना दिलेल्या पत्र्याच्या शेडवर जाऊन आबांना सगळं सांगितलं. अगदी सगळं, फोन, हॉल, सर. ते चहा ओतत होते. म्हणाले, "आई गेली तवा गिरणी बंदच व्हती, ते खरंय. इकबालनं कदी रीत मोडली न्हाई." मी म्हटलं, आबा, हा तोच दिवस. त्यांनी बराच वेळ बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "मंग इकबाल सोता चालू कसं म्हनतोय? तू बापाला सोडवाया आलीस. चांगली पोर हायेस. पर गिरणी ग्येली, आता भ्या कशाचं? ह्या पत्र्यात जीव उकडून मरन्यापरीस आमी आमच्या घरी जातू." मी हात जोडले. "पिरेरणा म्हनंल तर बगू," म्हणाले.

अक्षय्य तृतीयेला, चार दिवसांनी, ते राहायला जाताहेत. आदिनाथ, त्याची बायको, धाकटी नुसती सहा महिन्यांची. तुझी भाची. तिचं नाव रतन ठेवलंय, हे तुला माहीत असेलच.

गिरणी सोमवारी काढली. अब्बा त्या दिवशी दरडीनंतर पहिल्यांदा वाडीत आले. कुणी त्यांच्याशी बोललं नाही. मजुरांनी इंजिन उचललं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हळू रं, खालची भुई मऊ हाय."

पाठवणाऱ्याच्या जागी रतनमावशीचं नाव घातलं तर तू हे पाकीट फोडशील, हे माझ्या मनात आलं. घातलं नाही. रकान्यात खोटं लिहायचं आता माझ्याच्याने होत नाही.

जैनब इकबाल मुलाणी


(पोस्टकार्ड)
२ मे

प्रेरणा,

पाकीट परत आलं. म्हणून आजपासून कार्ड. कार्ड नाकारायचं तरी ते हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलं की डोळे वाचतात. वाटेत रखमाजीही वाचतील, तुझा पोस्टमन वाचेल, तुझे सासरे वाचतील. वाचू देत. आबा वाडीत राहायला गेले. रोज एक कार्ड टाकेन.

जैनब


(पोस्टकार्ड)
३० मे

प्रेरणा,

हे एकोणतिसावं कार्ड. एकही परत आलं नाही आणि एकाचंही उत्तर नाही. आज वडिवळ्याच्या डोंगरावर ढग उतरलेत. आधीच्या कार्डांत होतं तेच या कार्डात आहे, तरी पुन्हा पूर्ण लिहिते.

९ जानेवारीला झुंबरआजीचं मढं तुमच्या घरात होतं. गिरणी बंद होती. ती चालू होती असं मी, जैनब इकबाल मुलाणी हिने, न बघता लिहिलं आणि विचारल्यावर खोटं बोलले. माझ्या वडिलांचा दोष नाही. कातळवाडीच्या घरांखाली कातळ नाही, सतरा मीटर माती आहे. त्या मातीवर आज तुझे आबा आहेत, आदिनाथ आहे, त्याची बायको आहे, रतन आहे.

त्यांना खाली बोलाव.

जैनब